गादी उसवण्याची मजुरी कोणी द्यायची?

कापसाच्या गादीला कचरा म्हणायची वेळ महाराष्ट्रातल्या घरांवर सहसा येत नसे. कापूस बसून गादी कडक झाली की पिंजाऱ्याला बोलावले जाई. तो खोळ उसवून कापूस पिंजायचा, पुन्हा भरायचा आणि टाके घालून द्यायचा. ही व्यवस्था टिकली याला दोन कारणे होती. गादीत कापूस आणि कापड याखेरीज फारसे काही नसे, आणि उसवण्या-पिंजण्याची मजुरी घरातले लोक रोख देत. आजच्या गादीत यातले काहीच उरलेले नाही. पॉलियुरेथेन फोम, पोलादी स्प्रिंगा, रबर लावलेला काथ्या आणि कृत्रिम धाग्यांचे कापड असे थर एकमेकांना चिकटवलेले किंवा शिवलेले असतात. ते सुटे करायला मेहनत लागते आणि त्या मेहनतीचे पैसे कोणाच्याच हिशेबात नसतात. जुन्या गाद्यांचा प्रश्न मुळात या न धरलेल्या मजुरीचा आहे.

या दुर्लक्षाची किंमत कचरा डेपोवर मोजावी लागते. सहा बाय पाच फुटांची, आठ इंच जाडीची एक गादी 20 घनफूट जागा अडवते. ती नीट दबत नाही आणि तिच्या स्प्रिंगा डेपोवरच्या यंत्रांत अडकतात. जाळली तर फोममधून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू निघतात. एवढे असूनही तिच्यातला माल टाकाऊ नाही. पोलाद वितळवता येते, फोमचा चुरा करून गालिच्याखालचे अस्तर बनते, कापसा-धाग्यांपासून उष्णतारोधक थर तयार होतात. आपल्याकडेही फोमचे तुकडे दाबून-चिकटवून ‘रिबॉन्डेड’ गाद्या बनतात. म्हणजे मालाला गिऱ्हाईक आहे. अडते ते गादी उचलण्यापाशी आणि उसवण्यापाशी.

अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याने नेमकी हीच अडचण ओळखली. 2013 मध्ये तिथे कायदा झाला आणि मे 2015 पासून प्रत्येक नव्या गादीच्या बिलात ठरावीक शुल्क धरले जाऊ लागले. सुरुवातीला ते 9 डॉलर होते. हा पैसा गादी उद्योगानेच उभारलेल्या ‘मॅट्रेस रीसायकलिंग कौन्सिल’ या ना-नफा संस्थेकडे जातो. संकलन केंद्रांवरून गाद्या उचलण्याचा आणि त्या सुट्या करून घेण्याचा खर्च ती संस्था करते. पाठोपाठ कॅलिफोर्निया आणि ऱ्होड आयलंड, तर 2025 पासून ऑरेगन या वाटेने गेले. या कार्यक्रमातून आतापर्यंत 1 कोटीहून अधिक गाद्यांचा पुनर्वापर झाला आहे. तिथेही चाकूने खोळ फाडणारे हात माणसांचेच आहेत. फरक इतकाच की त्यांच्या मजुरीची तरतूद गादी विकतानाच झालेली असते.

यावर पहिला आक्षेप महागाईचा येतो. पण शुल्क नसले म्हणून खर्च टळत नाही. तो महापालिकेच्या तिजोरीतून जातो, म्हणजे ज्याने आयुष्यात फोमची गादी घेतली नाही त्याच्याही खिशातून जातो. घेणाऱ्याने तो भरणे अधिक न्याय्य आहे. दुसरा आक्षेप असा की शुल्क भरूनही लोक गाद्या रस्त्यावर टाकतातच. हे खरे आहे, आणि कॅलिफोर्नियाने त्यावर उपायही शोधले आहेत. गादी केंद्रावर आणून देणाऱ्याला प्रत्येकी 3 डॉलर मिळतात, आणि नवी गादी पोहोचवणाऱ्या विक्रेत्याने जुनी फुकट परत न्यावी असे बंधन आहे. मर्यादाही आहेत. ओल्या किंवा ढेकूण झालेल्या गाद्या पुनर्वापराला चालत नाहीत, आणि प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत शिवलेल्या गाद्या सोडवणे फार किचकट जाते. म्हणूनच सहज सुटणाऱ्या गादीला कमी आणि किचकट गादीला जास्त शुल्क असावे, म्हणजे उत्पादकही बनवतानाच तिच्या शेवटाचा विचार करतील.

आपल्याकडे भंगारवाला आहेच, मग कायदा कशाला, असेही विचारले जाईल. भंगारवाला लोखंडी पलंग आनंदाने नेतो, पण मळकी फोमची गादी त्याची सगळी हातगाडी अडवते आणि हाती फार थोडे देते. त्याने ती नाकारली तर दोष त्याचा नाही. भारतात ई-कचरा, बॅटऱ्या, टायर आणि प्लास्टिक पॅकेजिंग यांची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम आहेत. गादी त्या यादीत नाही. ती यावी. रस्त्याकडेच्या छोट्या कारागिरांपासून सुरुवात करण्याची गरज नाही. मोठ्या कंपन्या, ऑनलाइन विक्रेते आणि एकगठ्ठा गाद्या बदलणारी हॉटेले, वसतिगृहे, रुग्णालये यांच्यापासून सुरू करता येईल. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था 2008 पासून घरोघरच्या कचऱ्याचे काम संघटितपणे करते आहे. अशा संस्थांना शेड, हातमोजे, मास्क आणि प्रत्येक गादीमागे ठरलेला दर मिळाला, तर डेपोवरचा भार कमी होईल आणि कष्टकऱ्यांच्या हाताला मानाचे काम मिळेल. तो दर गादीच्या किमतीतच धरला गेला पाहिजे.