रेघ कुठे वळते?

विज्ञानाच्या वहीत आकृती काढायची वेळ आली की वर्गात दोन गट पडतात. चार-पाच जण आकृती काढून मोकळे होतात. बाकीचे पेन्सिलीला पुन्हा पुन्हा टोक करतात, खोडरबर मागतात, शेजारच्या वहीत डोकावतात आणि शेवटी पुस्तकातली आकृती कशीबशी उतरवून घेतात. आपल्याला चित्र येत नाही, हे त्यांनी केव्हाच ठरवून टाकलेले असते.

हा प्रश्न केवळ चित्रकलेच्या तासाचा नाही. ज्याने चित्र काढणे सोडले, त्याचे निरखून पाहणेही हळूहळू सुटते. नाकतोडा सगळ्यांनी पाहिलेला असतो. तरी मुलांना तो आठवणीने काढायला सांगा. कुणाच्या नाकतोड्याला चारच पाय असतात, तर कुणी पाय थेट पोटाला चिकटवलेले असतात. पाहणे आणि निरखणे यांत किती अंतर आहे, ते अशा वेळी कळते.

फोटो समोर ठेवून त्यावरून साधे, ठाम रेघेचे चित्र काढणे हे मात्र शिकता येणारे कसब आहे. त्यासाठी चित्रकलेचे वेगळे शिक्षक असायलाच हवेत असे नाही. चित्र काढताना डोळा काय करतो आणि हात काय करतो, हे आपण समजून घेतले तर विज्ञानाच्या तासालाही ते शिकवता येईल.

हात की डोळा?

चित्र बिघडले की आपण हाताला दोष देतो. हा आरोप खरा आहे का, ते तपासायला सोपी युक्ती आहे. फोटोवर ट्रेसिंगचा कागद ठेवून चित्र गिरवायला सांगा. ज्याला चित्र ‘येत नाही’ तोही बऱ्यापैकी गिरवतो. म्हणजे पेन्सिल हवी तिथे नेण्याइतका त्याचा हात तयार आहे. मग अडते कुठे?

१९९७ मध्ये कोहेन आणि बेनेट या संशोधकांनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला. समोर दिसते ते कागदावर का उतरत नाही, याची चार संभाव्य कारणे त्यांनी मांडली : हाताला पुरेसे वळण नसणे, कोणत्या रेघा घ्यायच्या हे न समजणे, स्वतःच्या चित्रातल्या चुका न दिसणे आणि मूळ वस्तूकडेच चुकीचे पाहणे. फोटोवरून चित्रे काढून घेऊन आणि फोटो गिरवून घेऊन त्यांनी ही कारणे तपासली. मुख्य दोषी ठरले ते शेवटचे कारण.

चुकीचे पाहणे म्हणजे काय? टेबलावर ठेवलेल्या ताटाचा तिरका फोटो घ्या. फोटोत ताट चपटे, लांबोळके दिसते. पण ताट गोल असते हे आपल्याला पक्के ठाऊक असते. त्यामुळे कागदावर ते फोटोतल्यापेक्षा जास्त गोल उतरते. डोळा दाखवतो एक आणि ठाऊक असलेली गोष्ट हाताला सांगते दुसरेच.

यावर एक जुना उपाय आहे. फोटो उलटा, म्हणजे डोके खाली करून ठेवायचा आणि दिसतो तसाच उलटा काढायचा. बेटी एडवर्ड्स यांच्या १९७९ मधल्या पुस्तकामुळे ही युक्ती जगभर पोचली. मेंदूच्या डाव्या आणि उजव्या भागांत त्यांनी केलेली सरळसोट वाटणी आता शास्त्रज्ञ मान्य करत नाहीत. युक्ती मात्र उपयोगी आहे. उलट्या फोटोत ‘डोळा’, ‘पाय’, ‘ताट’ ही नावे पटकन सुचत नाहीत. मग उरतात ते नुसते आकार, आणि आपल्याला ते नुसते आकारच पाहायचे असतात.

फोटोत रेघा नसतात

दुसरी अडचण रेघांच्या निवडीची. फोटो बारकाईने पाहा. त्यात एकही रेघ नसते. असतात ते उजेडाचे, अंधाराचे आणि रंगाचे डाग. जिथे एक डाग संपून दुसरा सुरू होतो, त्या कडेला आपण रेघ मानतो.

असे मानण्याला आधार आहे. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीजल यांना १९५९ पासूनच्या प्रयोगांत मांजराच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या, की ज्या विशिष्ट कलाची कड किंवा पट्टी डोळ्यासमोर आली तरच जोमाने प्रतिसाद देतात. या कामासाठी त्यांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कडा टिपणे हे दृष्टीचे मूलभूत काम आहे. म्हणूनच रेघांचे चित्र समजायला वेगळे शिक्षण लागत नाही. हॉकबर्ग आणि ब्रुक्स यांनी १९६२ मध्ये एका बालकाची हकिकत प्रसिद्ध केली. त्याला १९ महिन्यांचा होईपर्यंत चित्रे जवळजवळ दाखवलीच नव्हती. तरीही रेघांच्या चित्रांतल्या ओळखीच्या वस्तू त्याने ओळखल्या.

पण फोटोत कडा फार असतात. नाकतोड्याच्या अंगाची कड, त्याच्या सावलीची कड, पंखावरच्या ठिपक्यांची कड आणि मागच्या गवताच्या शेकडो कडा. कॅमेऱ्याला यांतले महत्त्वाचे काय ते कळत नाही. दिसेल ती प्रत्येक कड गिरवली तर चित्र अचूक होते, पण समजत नाही.

१९५६ मध्ये रायन आणि श्वार्ट्झ यांनी याबाबत एक प्रयोग केला. हाताचा पंजा, विजेचे खटके अशा गोष्टी त्यांनी चार प्रकारे दाखवल्या : फोटो, छटा भरलेले चित्र, फोटोबरहुकूम काढलेले रेघांचे चित्र आणि फक्त मुख्य वैशिष्ट्ये ठळक करून काढलेले, व्यंगचित्रासारखे साधे चित्र. ही चित्रे क्षणभरच दाखवली जात आणि बोटांची किंवा खटक्यांची स्थिती विचारली जाई. सर्वांत कमी वेळात समजले ते साधे केलेले चित्र. सर्वांत जास्त वेळ लागला तो फोटोबरहुकूम रेघांच्या चित्राला! नुसत्या रेघा काढल्याने चित्र सोपे होत नाही. ते सोपे होते निवडीने.

मांजराचे अडतीस ठिपके

मग निवडायचे काय? कुणी आपल्याला रस्ता विचारला तर आपण काय सांगतो ते आठवा. “सरळ जा, वडापाशी डावीकडे वळा, पुढे देवळाशी उजवीकडे.” सरळ रस्त्याचे वर्णन आपण करत नाही, फक्त वळणे सांगतो. सरळ भागात पुढे काय येणार ते आधीच ठाऊक असते. नवी माहिती असते ती वळणावर.

फ्रेड अ‍ॅटनीव्ह या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये हाच विचार चित्रांना लावला. झोपलेल्या मांजराच्या बाह्यरेषेवर जिथे जिथे वळण सर्वांत तीव्र आहे, असे ३८ बिंदू त्याने निवडले आणि ते पट्टीने सरळ रेघा मारून जोडले. एकही गोलाई न ठेवता तयार झालेले ते चित्र पाहणाऱ्याला झोपलेले मांजर म्हणून लगेच ओळखू येते.

ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्यांना ही पद्धत अनोळखी नाही. आधी ठिपके, मग रेघ. फरक एवढाच, की रांगोळीत ठिपके ठरावीक अंतरावर असतात. इथे ते कुठे द्यायचे हे आपल्याला फोटोत पाहून ठरवायचे असते आणि खरा अभ्यास त्या ठरवण्यातच आहे.

करून पाहू या : नाकतोडा

नाकतोड्याचा एका बाजूने घेतलेला मोठा फोटो निवडा. मुलांनी स्वतः शाळेच्या आवारात काढलेला असेल तर उत्तम. पाय सुटे दिसायला हवेत.

१. एक मिनिट पेन्सिल खाली ठेवून फक्त पाहायचे. शरीर उंचीच्या किती पट लांब आहे? मागच्या पायाचा गुडघा पाठीच्या वर जातो का? मिशा शरीरापेक्षा लांब आहेत की आखूड? पाय नेमके कुठून निघतात? (सहाही पाय डोके आणि पोट यांच्या मधल्या भागातून, वक्षातून, निघालेले दिसतील.)

२. कागदावर फिकट चौकट आखून शरीराची लांबी आणि उंची ठरवून घ्यायची. फोटो सपाट असल्याने अंतरे पेन्सिलीनेच मोजता येतात.

३. आता फक्त ठिपके. कपाळ, तोंडाचे टोक, मानेवरच्या खोगिरासारख्या कवचाची मागची कड, पंखाचे टोक, पोटाचे टोक, मागच्या मांडीचा जाड भाग, गुडघा, पायाचे टोक. पंचवीसएक ठिपके पुरतात. एक ठिपका दुसऱ्याच्या वर आहे की खाली, डावीकडे आहे की उजवीकडे, हे फोटोशी ताडून पाहायचे. खोडाखोड करायची ती याच टप्प्यावर.

४. पेन्सिल बाजूला ठेवून बॉलपेन घ्यायचे. एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत एकच रेघ. रेघ चुकली तर तिच्यावर दुसरी मारायची नाही, पुढे जायचे.

५. आता गंमत. तोच फोटो घेऊन दुसरे चित्र १५ ठिपक्यांत आणि तिसरे १० ठिपक्यांत काढायचे. कोणते ठिपके गाळले तरी चालते आणि कोणता गाळला की नाकतोड्याचा भलताच प्राणी होतो? मागचा गुडघा गाळून पाहा. त्या लांब, वर दुमडलेल्या पायांनी नाकतोडा उडी मारतो. त्याची ओळख आणि त्याचे जगणे एकाच ठिकाणी सापडते.

‘साधे करणे’ याचा अर्थ हा आहे. ती आळशाची पळवाट नव्हे. काय गाळले तरी चालेल हे ठरवायला आधी काय महत्त्वाचे ते कळावे लागते.

रेघ थरथरते का?

बिचकणाऱ्या मुलाची रेघ केसाळ असते. तो अर्धा सेंटिमीटर काढतो, थांबतो, बघतो, पुन्हा अर्धा सेंटिमीटर काढतो. काळजीपूर्वक सावकाश काढली की रेघ चांगली येईल, असे त्याला वाटते. होते उलटेच.

निरोगी माणसाच्या हातालाही बारीक कंप असतो, सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा. आपण १० धरू. दहा सेंटिमीटरची रेघ पाच सेकंदांत काढली तर तिच्यात ५० थरथरी मावतात, म्हणजे दर दोन मिलिमीटरला एक. तीच रेघ अर्ध्या सेकंदात काढली तर फक्त पाच, आणि त्याही दोन-दोन सेंटिमीटरवर पसरलेल्या. त्या डोळ्याला जाणवतही नाहीत.

शिवाय डोळ्याने चूक पाहून हात दुरुस्त करायला सेकंदाचा एक दशांश ते एक पंचमांश भाग लागतो. रॉबर्ट वुडवर्थ याने १८९९ मध्येच दाखवले होते, की हालचाल पुरेशी जलद असेल तर डोळे उघडे असोत की मिटलेले, अचूकपणात फरक पडत नाही. जलद रेघ आधी ठरलेल्या बेताप्रमाणे जाते. सावकाश रेघ वाटेत पुन्हा पुन्हा दुरुस्त होते आणि प्रत्येक दुरुस्ती कागदावर उमटते.

ठाम रेघेचे गुपित त्यामुळे धाडसात नाही, तयारीत आहे. कुठे पोचायचे तो ठिपका आधी ठरलेला असावा, नजर पेनाच्या टोकावर न ठेवता त्या ठिपक्यावर असावी आणि कोरडा हात एकदा हवेत फिरवून मग रेघ मारावी. छोटी वळणे मनगटातून येतात. लांब रेघेला कोपर किंवा खांदा फिरवावा लागतो. वहीवर वळण अडचणीचे वाटले तर वही फिरवून घ्यावी. फळा फिरवता येत नाही, म्हणून फळ्यावर शिक्षकाने खांद्यातून रेघ मारावी आणि खडूचे फिकट ठिपके आधीच देऊन ठेवावेत.

फोटोवर किती विसंबायचे?

फोटो हलत नाही, उडून जात नाही, म्हणून सरावाला तो सोयीचा. पण त्याच्या मर्यादा मुलांना सांगायला हव्यात. एका बाजूच्या फोटोत पलीकडचे पाय लपतात. आपल्याकडे रोखलेला पाय आखूड दिसतो. फार जवळून घेतलेल्या फोटोत लेन्सजवळचा भाग अवाजवी मोठा येतो.

चेतापेशींच्या अभ्यासासाठी १९०६ चे नोबेल पारितोषिक गॉल्जी यांच्यासोबत मिळवणारे स्पेनचे सान्तियागो रामोन इ काहाल स्वतः उत्तम छायाचित्रकार होते. रंगीत छायाचित्रणावर त्यांनी १९१२ मध्ये पुस्तकही लिहिले. तरी चेतापेशी त्यांनी हातानेच काढल्या. सूक्ष्मदर्शकात एका वेळी एक पातळ थर स्पष्ट दिसतो आणि पेशीच्या फांद्या तर अनेक थरांत पसरलेल्या असतात. भिंग वरखाली करत पाहिलेले सारे एका चित्रात आणणे हाताला जमत होते, त्या काळच्या कॅमेऱ्याला नाही.

आपणही फोटोवरून चित्र झाले की एकदा खऱ्या नाकतोड्याशी ताडून पाहावे. वेगवेगळ्या बाजूंचे दोन-तीन फोटो ठेवले तर आणखी चांगले.

गुण कशाला द्यायचे?

आकृती तपासताना ‘सुबक’ हा शेरा आपण सहज देतो. त्याऐवजी चार गोष्टी पाहता येतील. अवयवांची संख्या बरोबर आहे का? ते योग्य जागी जोडलेले आहेत का? प्रमाण जुळते का? रेघ एकेरी आहे का? हे चारही निकष शिकून जमणारे आहेत. मागच्या बाकावरच्या मुलालाही ते महिन्याभराच्या सरावात गाठता येतील, मात्र आठवड्यातून दोनदा दहा मिनिटे द्यायला हवीत.

नाकतोड्यानंतर कावळा घ्या आणि मग सायकल. सायकल आधी आठवणीने काढायला सांगा आणि नंतर फोटोवरून, ठिपके देऊन. रोज शाळेत सायकलवर येणाऱ्या मुलांनाही साखळी कोणत्या चाकाला जोडलेली असते, ते पुन्हा एकदा बघावेसे वाटेल.