संगणकाच्या गाभ्यातील प्रयोग

‘कर्नल’ म्हटले की कागलच्या श्रोत्यांस फौजेतील अधिकारी आठवावा, हे साहजिक आहे. आम्हांस सांगावयाचे आहे ते निराळ्या कर्नलविषयी. त्याला ओळखावयाचे तर उसाला पाणी पाजण्याची पाळी डोळ्यांपुढे आणावी.

पत्र लिहिणारे, हिशेब ठेवणारे, गाणी ऐकविणारे प्रोग्रॅम हे शेतकरी समजा. मेमरी, डिस्क आणि प्रोसेसरचा वेळ हे पाणी. ते पाळीपाळीने वाटून देणारा पाटकरी म्हणजे कर्नल. एखाद्या प्रोग्रॅमने दुसऱ्याच्या वाफ्यात हात घातला, तर पाटकरी त्याचे दार बंद करतो. तो एकटा मरतो, बाकीचे चालू राहतात. इंटेलने तर १९८२ च्या ८०२८६ पासून अधिकाराचे चार स्तर प्रोसेसरमध्येच घडविले. सर्वांत आतला कर्नलचा, सर्वांत बाहेरचा सामान्य प्रोग्रॅमांचा. मधले दोन बहुधा ओसच पडले.

पण पाटकरीच चुकला तर त्याचे दार कोणी बंद करावयाचे? कर्नलच्या वर कोणी नाही. तेथील चूक एक तर सगळे यंत्र थांबविते, किंवा, आणि हे अधिक वाईट, न थांबविता डिस्कवर भलतेच लिहीत राहते.

१९ जुलै २०२४ रोजी हे जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या संरक्षक प्रोग्रॅमचा एक भाग विंडोजच्या कर्नलमध्ये चालतो. नव्या माहितीत २१ रकाने अपेक्षित होते, हाती होते २०. एकविसावा वाचावयास गेला आणि यंत्र कोसळले. सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. पुन्हा सुरू करावे तर पुन्हा तेच, म्हणून माणसांना एकेका यंत्रापाशी बसावे लागले. आपल्या देशातील विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले!

हा झाला धंद्यातील लोकांचा प्रमाद. नवशिक्याचे काय? लिनस टॉरव्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली हप्त्यांनी घेतलेल्या संगणकावर लिनक्स लिहावयास घेतले. फोन लावण्याचा आदेश मोडेमऐवजी डिस्कला गेला आणि डिस्कवरची मिनिक्स ही जुनी प्रणाली नासली. त्याच्याजवळ निदान स्वतःची प्रणाली उभी होती. २००८ मध्ये लिनक्सच्या २.६.२७ या आवृत्तीच्या चाचणीत तर इंटेलच्या काही नेटवर्क कार्डांची आतली स्मृतीच खराब झाली. तेथे डिस्क पुसून नव्याने सारे भरण्याचा इलाजही चालेना. दोष आता यंत्राच्या अंगात शिरला होता.

म्हणून तरुणांनी हा नाद सोडावा काय? मुळीच नाही. हा नाद लागलेली मुले आम्हांस हवीच आहेत. आमचा आक्षेप जागेला आहे. पुष्कळ घरांत संगणक एकच असतो. त्यातच बहिणीचा परीक्षेचा अर्ज, त्यातच वडिलांचा हिशेब आणि लग्नाचे फोटो. तेथे प्रयोग करू नये. क्यूईएमयू नावाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो. तो संगणकाच्या पोटात दुसरा खोटा संगणक उभा करतो. त्यातील कर्नल कोसळला तर खिडकी मिटावी, चूक शोधावी, पुन्हा उघडावी. खऱ्या यंत्राचीच हौस असेल तर अडगळीतले जुने घ्यावे, आणि घरच्या कागदपत्रांची प्रत आधी वेगळ्या डिस्कवर काढून ती डिस्क तारेसकट कपाटात ठेवावी. जोडलेली राहिली तर कर्नलचा हात तिच्यापर्यंतही पोहोचतो.