रक्तगट आणि जंतूंची पकड

'तुमचा रक्तगट कोणता?' असे विचारले, तर तुम्ही 'ए', 'बी', 'एबी' किंवा 'ओ' असे उत्तर द्याल. रक्तगट म्हणजे काय? आपल्या रक्तातील तांबड्या पेशींवर सूक्ष्म खुणा असतात. त्यांवरून रक्तगट ठरतो. १९०१ साली व्हिएन्ना येथील डॉ. कार्ल लँडस्टायनर यांनी 'एबी' वगळता यांतील बाकीचे रक्तगट जगापुढे मांडले. त्याबद्दल त्यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

१९२७ साली लँडस्टायनर आणि फिलिप लेव्हिन यांनी 'पी' नावाची आणखी एक खूण शोधून काढली. तशाच खुणा मूत्रमार्गाच्या आतील पेशींवरही असतात. तेथे त्यांचा फायदा जंतू घेतात!

ई. कोलाय नावाचे जंतू आपल्या आतड्यात राहतात. तेथे ते सहसा त्रास देत नाहीत. पण ते मूत्रमार्गात शिरले, तर आजार होतो. एरवी लघवीच्या प्रवाहाबरोबर जंतू वाहून जातात. परंतु काही ई. कोलाय जंतूंच्या अंगावर केसांसारखे बारीक तंतू असतात. या तंतूंनी ते 'पी' खुणेला घट्ट धरून बसतात. फारच थोड्या लोकांच्या पेशींवर ही खूण मुळीच नसते. तेथे या तंतूंना पकड मिळत नाही.

मग हा आजार रक्तगटावरच अवलंबून असतो का? नाही. केवळ 'ए', 'बी' किंवा 'ओ' या गटावरून तो कोणाला होईल, हे सांगता येत नाही. मुलींचा मूत्रमार्ग आखूड असतो, म्हणून त्यांना हा त्रास अधिक होतो. त्यातच काही मुली शाळेत लघवीला जावे लागू नये, म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत. काहीजणी तासन्‌तास लघवी रोखून धरतात. अशाने जंतूंना वाढायला वेळ मिळतो.

लघवी करताना जळजळ होणे, वारंवार लघवीला लागणे, ताप येणे, कंबरेच्या वर पाठीत दुखणे ही या आजाराची लक्षणे आहेत. ती दिसताच लाजू नका. आईला किंवा बाईंना सांगा, डॉक्टरांकडे जा. बरे वाटू लागले, तरी सांगितलेले औषध पूर्ण घ्या. दुर्लक्ष केले, तर जंतू मूत्रपिंडापर्यंत पोहोचतात.

रक्तगट जन्माबरोबर मिळतो. तो बदलणे आपल्या हाती नाही. पण भरपूर पाणी पिणे, वेळेवर लघवीला जाणे आणि स्वच्छता पाळणे आपल्या हाती आहे. आणि शाळेचे स्वच्छतागृह स्वच्छ ठेवणे, हे तर आपणा सर्वांचेच काम आहे!