पडद्यावर बरा होणारा पेशंट

‘उगाच डोक्यावर घेतलाय हा सिनेमा!’ हे वाक्य प्रत्येक घरात कधी ना कधी ऐकू येतं. बाकीचं घर ज्या सिनेमावर जीव टाकतं, तो एकाला रुचत नाही. कुणाला तो रडका वाटतो, कुणाला लांबलेला, कुणाला बटबटीत. आवडीनिवडीच्या या भांडणाला शेवट नाही. पण सिनेमा आजारपणाचा असेल, तर नाक मुरडणाऱ्यांत एक वर्ग हमखास सापडतो: डॉक्टर, नर्स आणि तो आजार घरात भोगलेली माणसं. त्यांची तक्रार अभिनयाबद्दल नसते, गाण्यांबद्दलही नसते. ‘असं होत नाही हो,’ एवढंच त्यांचं म्हणणं असतं. हे म्हणणं मात्र आवडीनिवडीचं नाही, तपासून पाहता येण्यासारखं आहे. आणि ते तपासायला हवं, कारण सिनेमात पाहिलेली गोष्ट थिएटरच्या दारात उतरवून ठेवता येत नाही.

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी २००९ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे उपयोगी आहे. विद्यार्थ्यांना इतिहासाचे उतारे वाचायला दिले आणि त्याच विषयांवरच्या लोकप्रिय चित्रपटांतले तुकडे दाखवले. जिथे उतारा आणि सिनेमा एकच सांगत होते, तिथे माहिती अधिक चांगली लक्षात राहिली. पण जिथे सिनेमात चूक होती, तिथे साधारण निम्म्या वेळा विद्यार्थ्यांनी सिनेमातली चूकच खरी म्हणून सांगितली. बरोबर माहितीचा उतारा स्वतः वाचलेला असूनही. ‘सिनेमात चुका असतात, जपून पाहा’ अशा सर्वसाधारण सूचनेचा फारसा उपयोग झाला नाही. नेमकी कोणती गोष्ट चूक आहे हे सांगितलं, तेव्हाच फरक पडला. म्हणून काही गाजलेल्या सिनेमांतल्या नेमक्या गोष्टी पाहू.

तीन मुलगे, एक बाटली

‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधलं रक्तदानाचं दृश्य हिंदी सिनेमातल्या सर्वांत प्रसिद्ध दृश्यांपैकी एक. शेजारशेजारच्या खाटांवर तीन तरुण, त्यांच्या हातातून निघालेल्या नळ्या वर एका बाटलीत जातात आणि तिथून रक्त थेट आईच्या शरीरात उतरतं. रक्त गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर कसं चढतं, यावर आजवर भरपूर विनोद झाले आहेत. रक्तपेढीतल्या माणसाला मात्र त्याहून वेगळी गोष्ट खटकते.

दात्याचं रक्त असं थेट देत नाहीत. आधी रक्तगट, मग रुग्णाच्या रक्ताशी जुळणी म्हणजे क्रॉसमॅच. भारतात प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, गुप्तरोग म्हणजे सिफिलिस आणि मलेरिया या पाच आजारांसाठी तपासणी सक्तीची आहे. शिवाय एका पिशवीतून तांबड्या पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट वेगळे करून वेगवेगळ्या रुग्णांना देता येतात.

दुसरी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. ‘आमच्याच घरातलं रक्त द्या, बाहेरचं नको’ असा आग्रह नातेवाईक धरतात. पण आई-मुलं, भावंडं अशा जवळच्या रक्ताच्या नात्यात पेशींची ठेवण मिळतीजुळती असते. त्यामुळे क्वचित प्रसंगी दात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीराला परक्या वाटत नाहीत, त्या तिथे तग धरतात आणि रुग्णाच्याच अवयवांवर हल्ला करतात. हा प्रकार दुर्मीळ आहे, पण झाला तर बहुधा जिवावर बेततो. म्हणून जवळच्या नातलगाचं रक्त द्यायचंच असेल, तर त्यावर आधी किरणोत्सर्गाची प्रक्रिया करावी लागते. सिनेमातलं सर्वांत हृद्य चित्र, पोटच्या मुलाचं रक्त आईला, हे रक्तपेढी शक्यतो टाळते. अनोळखी ऐच्छिक दात्याचं तपासलेलं रक्तच तिला अधिक पसंत असतं. मुलांनी रक्तदान जरूर करावं. ते कुणा दुसऱ्याच्या आईला जाईल, आणि आपल्या आईला दुसऱ्या कुणाच्या मुलाचं मिळेल.

देखणं मरण

‘आनंद’ (१९७१) बद्दल वेगळं मत बोलून दाखवायला हिंमत लागते. राजेश खन्ना आणि अमिताभ बच्चन यांच्याबरोबर रमेश देव, सीमा देव आणि ललिता पवार असल्यामुळे मराठी घरांत तो जास्तच जवळचा. त्यातल्या नायकाला आतड्याचा ‘लिम्फोसार्कोमा’ झालेला असतो. हे नाव आता वैद्यकीय पुस्तकांतून गेलं. अशा आजारांना आज ‘नॉन-हॉजकिन लिम्फोमा’ या गटात धरतात.

प्रत्यक्षात आतड्याच्या लिम्फोमात पोट दुखतं, वजन उतरतं, शौचातून रक्त जातं, कधी आतडं बंद पडतं. सिनेमातला आनंद बहुतेक वेळ हसत, गप्पा मारत, भरल्या अंगाने वावरतो. हा दोष त्याच्या एकट्याचा नाही. ‘लव्ह स्टोरी’ (१९७०) या हॉलिवूडच्या सिनेमाची नायिका अशीच अखेरपर्यंत सुंदर राहून जाते. त्यावर समीक्षक रॉजर एबर्ट यांनी त्या आजाराला नायिकेच्याच नावाने चिडवलं होतं: एकच लक्षण, मरेपर्यंत रूप खुलत जाणं.

यात हसण्यासारखं आहे, तसं नुकसानही आहे. कॅन्सर म्हणजे मरण, मधे काही नाही, हे समीकरण अशा सिनेमांनी पक्कं केलं. १९७१ साली ते बऱ्याच अंशी खरंही होतं. आज लिम्फोमाचे अनेक रुग्ण केमोथेरपी आणि नव्या औषधांनी पूर्ण बरे होतात. तरीही गाठीची तपासणी लांबवणारे, ‘आता काय उपयोग’ म्हणून उपचार अर्धवट सोडणारे रुग्ण दिसतातच. आणि ज्यांचा आजार बरा होणार नाही, त्यांच्या वाट्याला येणारी वेदना पडद्यावर फारशी दिसत नाही, म्हणून तिच्यावर उपाय आहे हेही लोकांना कळत नाही. कॅन्सरच्या तीव्र दुखण्यावर मॉर्फिनच्या गोळ्या हा जुना, स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. २०१४ साली अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्ती होऊन तो मिळण्यातल्या अडचणी कमी करण्यात आल्या. ‘सहन करायचं’ हा एकच मार्ग आता उरलेला नाही.

‘आनंद’चं एक श्रेय मात्र निर्विवाद आहे. त्यातल्या रुग्णाला आपल्या आजाराचं नाव आणि उरलेला वेळ, दोन्ही माहीत आहेत. आजही ‘बाबांना काही सांगू नका, डॉक्टर’ अशी विनवणी करणाऱ्या घरांना पन्नास वर्षांपूर्वीचा हा सिनेमा पुष्कळ शिकवू शकतो.

अचानक उघडणारे डोळे

सर्वांत जास्त गैरसमज आहेत ते बेशुद्धीबद्दल. मेयो क्लिनिकच्या मेंदुतज्ज्ञांनी १९७० ते २००४ या काळातले, कोमाचं चित्रण असलेले ३० चित्रपट तपासले. त्यांतल्या फक्त दोन चित्रपटांत ते बऱ्यापैकी वास्तव होतं. बाकीच्यांत वर्षानुवर्षं बेशुद्ध असलेला माणूस शांत झोपलेला दिसतो: दंड भरलेले, चेहरा तजेलदार, ना नाकात नळी, ना गळ्यात. मग एक दिवस तो डोळे उघडतो आणि पहिल्या वाक्यापासून नीट बोलू लागतो.

‘मुन्नाभाई एमबीबीएस’ (२००३) मध्ये वर्षानुवर्षं निश्चल पडलेल्या रुग्णाशी नायक बोलतो, त्याला माणसात आणतो आणि शेवटी तो रुग्ण सावरतो. थिएटरात टाळ्या पडतात. दुसरीकडे मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या अरुणा शानबाग १९७३ पासून २०१५ पर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. तिथल्या परिचारिकांच्या पिढ्यांनी आपल्या या सहकारिणीला घास भरवला, न्हाऊमाखू घातलं, अंगावर जखमा होऊ दिल्या नाहीत. प्रेमाची मात्रा लागू पडून मेंदूची गेलेली पेशी परत येत असती, तर त्या नक्की उठून बसल्या असत्या. त्यांच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जीवनरक्षक उपचार थांबवण्याबाबत पहिल्यांदा मार्ग आखून दिला, आणि २०१८ साली प्रत्येकाला ‘लिव्हिंग विल’, म्हणजे आपल्या अखेरच्या उपचारांविषयीची इच्छा आधीच लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला.

मग मुन्नाभाई चुकलाच का? पूर्णपणे नाही. २००६ साली ब्रिटनमध्ये, जाणीव हरपल्याचं निदान झालेल्या एका तरुणीला ‘टेनिस खेळता आहात अशी कल्पना करा’ असं सांगून तिच्या मेंदूचं स्कॅन केलं. निरोगी माणसाच्या मेंदूत जी केंद्रं उजळतात, तीच तिच्याही मेंदूत उजळली. निश्चल दिसणाऱ्या काही रुग्णांना ऐकू येत असतं, हे आता मान्य झालं आहे. म्हणजे रुग्णाशी बोला, त्याच्यादेखत त्याच्याविषयी अद्वातद्वा बोलू नका, हा सिनेमाचा सल्ला बरोबर. बोलल्याने तो उठेल, हे आश्वासन चूक. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या कुटुंबासाठी हा फरक मोठा असतो. त्यावर जमीन विकायची की नाही, हे ठरतं.

बंद पडलेल्या हृदयाचंही तसंच. १९९६ साली अमेरिकेतल्या तीन टीव्ही मालिकांचे ९७ भाग डॉक्टरांनी पाहिले. त्यांत छाती दाबून जीव वाचवण्याचा म्हणजे सीपीआरचा प्रयत्न ६० वेळा होता, आणि ७५ टक्के रुग्ण त्या क्षणी वाचले. प्रत्यक्षात रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलं, तर सुसज्ज देशांतही दहातला एखादाच रुग्ण बरा होऊन घरी जातो. पडद्यावर मॉनिटरची रेषा सरळ झाली की शॉक देतात. खरं तर सरळ रेषेवर शॉकचा उपयोग नसतो. हृदय बेताल थरथरत असेल, तेव्हाच तो कामी येतो.

याचा अर्थ प्रयत्न सोडावा असा नाही. शेजारच्या माणसाने लगेच छाती दाबायला सुरुवात केली, तर जगण्याची शक्यता वाढते. छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान ५ सेंटिमीटर खोल दाबायचं, आणि दुसऱ्याने तोवर १०८ क्रमांकावर फोन लावायचा. सिनेमातला हलका हात इथे उपयोगाचा नाही.

शिक्षा नव्हे, उपचार

‘वन फ्लू ओव्हर द कुकूज नेस्ट’ (१९७५) ला पाच प्रमुख ऑस्कर मिळाले. मनोरुग्णालयातल्या अरेरावीविरुद्धचा तो आवाज होता आणि त्या काळात तो आवश्यकही होता. पण त्यात नायकाला शिक्षा म्हणून, पूर्ण शुद्धीत विजेचा झटका देतात, ते दृश्य जगभरच्या मनांत रुतून बसलं. पुढे आपल्याकडच्या सिनेमांनीही ‘वेड्यांचं इस्पितळ आणि शॉक’ ही जोडी भरपूर वापरली.

आज हा उपचार भूल देऊन आणि स्नायू सैल करण्याचं औषध देऊन करतात. रुग्णाला झटका जाणवत नाही. काहींना त्या सुमाराच्या घटना काही काळ नीट आठवत नाहीत, हा त्याचा खरा दुष्परिणाम आहे आणि तो आधी सांगायला हवा. भूल न देता असा शॉक देण्यावर भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंदी आहे. अन्नपाणी सोडलेल्या, जीव द्यायला निघालेल्या तीव्र नैराश्याच्या रुग्णाला गोळ्यांचा गुण येईपर्यंत थांबणं परवडत नाही; तिथे हा उपचार लवकर काम करतो. अशा वेळी घरच्यांनी केवळ एका सिनेमाच्या आठवणीने नकार दिला, तर किंमत रुग्ण मोजतो. मनाच्या आजारांविषयी प्रश्न असतील, तर सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते.

कौतुक कशाचं करायचं?

‘तारे जमीं पर’ (२००७) पाहून अनेक आईबापांना पहिल्यांदा वाटलं, आपलं मूल आळशी नसेल, त्याला वाचनाचीच अडचण असेल. एवढ्यासाठी त्याचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण त्यातला मुलगा उत्तम चित्रकार आहे आणि एका चांगल्या शिक्षकाच्या हाती लागून काही महिन्यांत सावरतो. डिस्लेक्सिया असलेलं प्रत्येक मूल कलावंत नसतं, आणि तसं असण्याची त्याला गरजही नाही. त्याला लागतं ते नेमकं निदान, वर्षानुवर्षं चालणारं विशेष अध्यापन आणि परीक्षेत जादा वेळासारख्या सवलती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश झाल्याने त्या आता हक्काच्या आहेत. ‘याच्यात कुठला सुप्त गुण आहे?’ असं विचारत बसण्यापेक्षा बालरोगतज्ज्ञाकडे जाऊन तपासणी करून घेणं त्याच्या जास्त हिताचं.

थोडक्यात, हे सिनेमे प्रश्न घरात आणतात, हे त्यांचं मोठं काम. उत्तरं मात्र कथेच्या सोयीने देतात, कारण तीन तासांत शेवट करायचा असतो. म्हणून आजारावरचा सिनेमा पाहून आल्यावर मनात आलेली शंका डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावी. ‘सिनेमात असं दाखवलं होतं, आमच्या पेशंटचं तसं होईल का?’ हा प्रश्न बावळट नाही. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात २०१९ पासून रुग्णाशी कसं बोलावं हा विषय रीतसर शिकवला जातो. तेव्हा ‘नाही, तसं होणार नाही, पण काय होऊ शकतं ते सांगतो’ असं उत्तर मिळण्याचा रुग्णाच्या माणसांना हक्क आहे. ते मिळालं नाही, तर प्रश्न पुन्हा विचारावा.