राण्या अनेक, वारूळ एक

पहिला पाऊस पडून गेला की पंख गाळलेल्या चार-पाच राणी मुंग्या वेचायच्या, पाणी आणि कापूस घातलेल्या काचेच्या नळीत ठेवायच्या आणि आपल्याकडे अनेक राण्यांची वसाहत तयार झाली असं समजायचं, हा मुंग्या पाळणाऱ्या नवशिक्यांचा लाडका समज आहे. फायर अँट, म्हणजे आग लागल्यासारख्या चावणाऱ्या लाल मुंग्या, तो लवकरच मोडून काढतात. सुरुवातीला राण्या गुण्यागोविंदाने नांदतात. अंड्यांचा ढीग एकच असतो, कामकरी मुंग्यांची पहिली तुकडीही मिळूनच वाढवली जाते. ती तुकडी बाहेर पडली, की त्याच लेकी राण्यांवर तुटून पडतात आणि शेवटी एकच राणी उरते. वॉल्टर त्शिंकेल या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञाने दक्षिण अमेरिकेतून आलेल्या ‘सोलेनॉप्सिस इन्व्हिक्टा’ या जातीत हा सगळा प्रकार बारकाईने अभ्यासला आहे.

मग एकाच वारुळात खरोखर अनेक राण्या नांदतात, त्या कशा? अमेरिकेत अशी इन्व्हिक्टाची वारुळं सापडल्याची नोंद १९७३ मध्ये प्रसिद्ध झाली. एकेका वारुळात कधी शंभराहून अधिक राण्या, सगळ्या अंडी घालणाऱ्या. कारण शोधायला पुढची पंचवीस वर्षं गेली. १९९८ मध्ये लॉरेंट केलर आणि केनेथ रॉस यांनी ‘जीपी-९’ या जनुकाकडे बोट दाखवलं. त्याची दोन रूपं आहेत. आपण त्यांना थोरलं आणि धाकटं म्हणू. धाकटं रूप अंगी असलेल्या कामकरी मुंग्या वासावरून राणीची परीक्षा घेतात. तिच्यातही धाकटं असेल तर ती जगते. आई-बापाकडून मिळालेली दोन्ही थोरलीच असतील, तर अंडी घालण्याच्या वयाला येताच तिला ठार केलं जातं. आणि दोन्ही धाकटी मिळालेल्या राण्या बहुधा वंश वाढवण्याआधीच मरतात. २०१३ मध्ये कळलं, की हे जनुक एकटं नाही. शेकडो जनुकांचा एक मोठा तुकडा पिढ्यान् पिढ्या न तुटता एकत्र पुढे जातो.

हे ज्ञान रानात भटकून मिळालं नसतं. त्यासाठी वसाहती प्रयोगशाळेतच पाळाव्या लागल्या. प्लास्टिकच्या ट्रेच्या कडांना आतून निसरडा लेप, प्लास्टरचं ओलसर घर, साखरपाणी आणि मारलेले कीटक एवढ्यावर या मुंग्या उत्तम जगतात. संशोधकांनी एका वसाहतीतली पिल्लं दुसरीत वाढवून कामकरी मुंग्यांचं प्रमाण बदललं. तेव्हा दिसलं, की सगळ्याच धाकट्या रूपाच्या असायची गरज नाही, त्यांचा थोडासा वाटाही वसाहतीचा स्वभाव पालटतो. किती राण्या ठेवायच्या, हा निर्णय राणीचा नाहीच. तो लेकींचा आहे.

राण्या वाढल्या म्हणून अंडी त्याच पटीत वाढतात असंही नाही. त्या गंधद्रव्यांनी एकमेकींना आवर घालतात, त्यामुळे गर्दीतली प्रत्येक राणी एकटीपेक्षा कमी अंडी घालते. फायदा वेगळाच आहे. एकटी राणी मेली की वसाहत संपते. अनेक राण्यांची वसाहत मात्र कुठूनही तोडा, त्या तुकड्यात बहुतेक वेळा एखादी राणी असतेच. रोपाच्या कुंडीतली माती किंवा गवताच्या लादीचा एक तुकडा एवढ्यावर नवा संसार उभा राहतो. शिवाय शेजारची वारुळं आपसांत फारशी भांडत नाहीत, त्यामुळे एका एकरात त्यांची दाटी होते. शौकिनाच्या डब्यातून निसटण्याच्या दृष्टीने सगळ्यात वाईट रूप हेच.

आपल्याकडची फायर अँट वेगळी, ‘सोलेनॉप्सिस जेमिनाटा’. तीही पाहुणीच, पण फार जुनी. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार ती सोळाव्या शतकात मेक्सिकोच्या अकापुल्को बंदरातून स्पॅनिश जहाजांतल्या मातीबरोबर मनिलाला पोचली आणि तिथून जुन्या जगात पसरली. १९०३ मध्ये बिंगहॅम यांनी भारतातल्या मुंग्यांवरच्या ग्रंथात तिची नोंद केली, तोवर ती इथे रुळली होती. उन्हाची मोकळी जागा तिला आवडते. काही कामकरी मुंग्यांची डोकी दुभंगल्यासारखी मोठी असतात, त्या बिया फोडतात.

वऱ्हाडाने या घराण्याकडे लक्ष द्यावं याचं कारण संत्रा आहे. फ्लोरिडात इन्व्हिक्टा लिंबूवर्गीय कोवळ्या झाडांची साल बुडाशी कुरतडते. हवाईच्या उसात जेमिनाटाने ठिबकच्या नळ्या कुरतडून भोकं पाडली. वरुड-मोर्शीच्या बागांत कोवळी कलमंही आहेत आणि ठिबकही. मावा-पिठ्या ढेकणासारख्या रस शोषणाऱ्या किडींना या मुंग्या राखतात, तो त्रास आणखी निराळा.

परदेशातून राणी मागवण्याचा विचार करणाऱ्यांना सांगायला हवं, की २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार जिवंत कीटक आणायला परवाना लागतो. २०२५ मध्ये केनियात सुमारे ५,००० राणी मुंग्या नळ्यांत कापूस घालून बाहेर न्यायला निघालेले दोन बेल्जियन तरुण पकडले गेले आणि त्यांना जबर दंड झाला. अशा चोरट्या मालात इन्व्हिक्टा शिरली, तर पुढचं गणित इटलीला विचारावं. २०२३ मध्ये सिसिलीत तिची ८८ वारुळं सापडली.

घरी बसून करण्याजोगं काम जेमिनाटातही भरपूर आहे. फ्लोरिडात तिच्या अनेक-राणी वसाहती आढळल्या, पण त्यांच्या मागे जीपी-९ चा हात दिसला नाही. म्हणजे एकच वागणूक दोन वेगळ्या वाटांनी आली. अमरावती-अकोल्याच्या विद्यार्थ्याला धुऱ्यावरच्या वारुळात राण्या किती, हे बादलीभर मातीत कळू शकतं. हातात मोजे घालायचे, बादलीच्या आतल्या कडेला टाल्कम पावडर चोपडायची, वारूळ खोल खणून मातीसकट आत टाकायचं आणि त्यावर थेंब थेंब पाणी सोडत राहायचं. पाणी चढेल तशा मुंग्या पिल्लं घेऊन वर येतात आणि एकमेकींना धरून तरंगत राहतात. तो तराफा चाळणीने उचलून दुसऱ्या ट्रेमध्ये ठेवायचा आणि राण्या वेचायच्या. नुसतं मोजून भागत नाही. पंख गाळलेली प्रत्येक मादी अंडी घालणारी राणी असेलच असं नाही, काही मिलन न होताच पंख टाकतात. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली पोट उघडून वीर्यपिशवी भरलेली आहे की रिकामी, हे पाहावं लागतं. भरलेल्या पिशव्या दोन निघाल्या, तर त्या वारुळात राणी एकटी नव्हती.