हळदीचा अर्क आणि दुखण्याचे जेल

विट्याच्या मागवाल्यांच्या घरी खांदे-कंबरदुखीवरच्या जेलची ट्यूब हमखास सापडते. त्यावरची बारीक अक्षरे वाचावीत. पुष्कळ जेलांत डायक्लोफिनॅक हे सूज उतरविणारे औषध असते, जोडीला जवसाचे तेल, मेन्थॉल आणि मिथाइल सॅलिसिलेट. गारवा मेन्थॉलचा, सूज उतरविण्याचे मुख्य काम डायक्लोफिनॅकचे.

मग आपल्या सांगलीच्या हळदीचे काय? २०१८ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. हळदीचा आणि साताऱ्याकडे पिकते त्या आल्याचा अर्क जेलमध्ये घालण्याचे प्रयोग झाले आहेत. अडचण अशी की हळदीतले कर्क्युमिन पाण्यात जेमतेम विरघळते आणि उजेडात टिकत नाही. आम्हा कापडवाल्यांना हे ठाऊक आहेच. हळदीचा डाग धुऊन हटत नाही, उन्हात मात्र उडतो! शिवाय असे जेल सदऱ्याला लागले तर गिऱ्हाईक पुन्हा घेईल का?

अर्काच्या धंद्यात उतरणाऱ्या बांधवांनी ध्यानात घ्यावे की, डायक्लोफिनॅक मिसळले की आयुर्वेदिक परवाना चालत नाही; १९४० च्या औषध कायद्याखाली ॲलोपॅथीचा परवाना लागतो. घरी ट्यूबमध्ये हळद कालवू नये, जखमेवर जेल लावू नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल त्याने डॉक्टरांना विचारूनच ते वापरावे.