पोकळी किती चालेल?

उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव येथील कोणत्याही अनुभवी ओतकाम-कारागिराला विचारा. ज्यात एकही पोकळी नाही असा ओतीव भाग पुस्तकातच सापडतो, असे तो सांगेल. साच्यातील वाळूच्या ओलाव्याची वाफ होते, वितळलेल्या धातूतला वायू सुटतो, थिजताना धातू आकसतो आणि कोठे ना कोठे पोकळी राहते. तेव्हा खरा प्रश्न असा, की कोणती पोकळी चालेल हे कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे ठरवायचे?

विमानविद्येत हाच प्रश्न अधिक तीव्र होतो. 'तेजस' या आपल्या लढाऊ विमानाच्या सांगाड्याच्या वजनात संमिश्र पदार्थांचा वाटा सुमारे ४५ टक्के आहे. राळेत भिजवलेले कार्बन-तंतूंचे थर रचून ते उष्णता व दाब देऊन एकजीव केले जातात. मध्ये हवा वा ओलावा अडकला, की पोकळी उरते. पोकळीचे प्रमाण एक टक्क्याने वाढले, की थरांची एकमेकांना धरून राहण्याची ताकद सुमारे ७ टक्क्यांनी घटते, असे प्रयोगांत आढळले आहे. म्हणून महत्त्वाच्या भागांसाठी मर्यादा बहुधा १ ते २ टक्क्यांची असते.

परंतु केवळ टक्केवारी फसवी ठरते. विखुरलेली शंभर छिद्रे निरुपद्रवी असतील. ताण एकवटतो तेथील एकच छिद्र घातक ठरेल. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेतील सू सिटी येथे प्रवासी विमान कोसळले. २९६ पैकी ११२ जण मृत्युमुखी पडले. इंजिनातील टायटॅनियमच्या चकतीत, धातू वितळवतानाच राहिलेल्या दोषापाशी एक बारीक पोकळी होती. तेथून तडा वाढत गेला आणि तपासणीतून निसटला.

यावरून निकषाचे स्वरूप स्पष्ट होते. भागावर येणारा भार, पोकळीची जागा आणि तपासणीच्या साधनाची नजर, या तिन्हींचा विचार त्यात हवा. साधनाला जे दिसतच नाही ते नाकारू, असे कागदावर लिहिणे ही आत्मवंचना होय. उलट, अवास्तव कडक निकषाने चांगला माल भंगारात जातो आणि अखेरीस तपासनीस डोळे मिटून सही करण्यास शिकतो.

कोल्हापूरचे ओतीव भाग वाहनांत बसतात. त्यांवरही माणसांचे प्राण अवलंबून असतात. म्हणून निकष पहिला साचा भरण्याआधी, लेखी, ठरला पाहिजे. माल रवाना करण्याच्या घाईत ठरतो तो निकष नव्हे, ती तडजोड होय. आणि तडजोडीची किंमत ती करणाऱ्याला क्वचितच मोजावी लागते.